माझ्याच घरातली क्लायंट

"वहिनी, आज तू क्लायंट आहेस," वीणा म्हणाली.

मी पोह्यांवर खोबरं पेरत होते. मला वाटलं, थट्टा करतेय. वीणा माझी नणंद, गिरीशची धाकटी बहीण. पुण्यात इंटिरियरचा कोर्स करून काही वर्षं एकाच्या हाताखाली राबली आणि नुकतीच स्वतःचं ऑफिस थाटून बसली होती. त्या रविवारी सकाळी ती न कळवता सोलापूरला आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा मला आनंदच झाला होता.

"क्लायंट म्हणजे काय?"

"बार्शीचे शेटे म्हणून आहेत. आडत दुकान आहे त्यांचं, नवा बंगला बांधतायत. अकरा वाजता नवरा-बायको येणार आहेत. त्यांना माझं काम बघायचंय."

"मग इथं कशाला येतायत?"

वीणानं गिरीशकडे पाहिलं. गिरीश पेपर वाचत होता, म्हणजे पेपर त्याच्या तोंडासमोर धरलेला होता. मग तिनं आपला फोन माझ्यासमोर धरला. त्यात तिच्या ऑफिसचं इंटरनेटवरचं पान होतं आणि त्या पानावर माझं घर होतं. माझी बैठकीची खोली, माझ्या वेताच्या खुर्च्या, खिडकीखालचं लांब बुटकं कपाट, त्यावरचा पितळी दिवा. दिवाळीत आली होती तेव्हा "किती छान दिसतंय गं, दोन फोटो काढते" म्हणून तासभर टिपत बसली होती, ते हे फोटो. खाली लिहिलं होतं, 'मिड-सेंच्युरी मॉडर्न, तेही बजेटमध्ये. सोलापूरच्या एका कुटुंबासाठी आम्ही सजवलेलं घर.'

"आम्ही?" मी विचारलं.

"तसंच लिहितात गं. ऑफिसचं पान आहे ना."

"आम्ही म्हणजे कोण, वीणा?"

आता पेपर खाली आला. "सुनेत्रा, चिडू नकोस," गिरीश म्हणाला. "दोन तासांचा प्रश्न आहे. तिच्याकडे दाखवायला स्वतःचं एकही काम नाहीये. पहिलं काम मिळेपर्यंत सगळ्यांनाच असं काहीतरी करावं लागतं. आणि घर तर आपलंच आहे ना? घरातल्या घरात आहे. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय, हे मला त्या क्षणी सांगता आलं नाही. हातात पोह्यांची कढई होती. त्या घराची गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही तो फ्लॅट घेतला तेव्हा आमच्या हातात फ्लॅटच तेवढा राहिला होता. जुन्या सोसायटीतला, सत्तर सालच्या आसपासचा, मोझॅकच्या फरशीचा. आल्यागेल्यानं पहिला सल्ला दिला तो फरशी उखडून चकचकीत टाइल्स टाकायचा. मी नाही म्हटलं. त्या करड्या फरशीतले पांढरे-तांबडे ठिपके मला आवडायचे. माझं लहानपण गिरणीच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील टाइमकीपर होते. ऑफिसर्स क्लबच्या व्हरांड्यात आम्हा मुलांना शिरायची परवानगी नव्हती, पण कठड्यावरून आतलं दिसायचं. पाठीकडे कललेल्या ठेंगण्या खुर्च्या, खाली निमुळते होत गेलेले पाय, कुठं नक्षी नाही की फुलं-पानं नाहीत. साध्या आणि तरीही अशा ऐटदार, की आता उठून चालू लागतील. पन्नास-साठ सालातली ती धाटणी माझ्या डोक्यात तेव्हाच बसली. तिला इंग्रजीत नाव आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

गिरणी बंद पडून वर्षं लोटल्यावर क्लबचं सामान भंगारात निघालं, तेव्हा मी नोकरीच्या पॅथॉलॉजी लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथं गेले. खुर्च्यांवर हिरव्या ऑइलपेंटचे थर चढले होते, वेत फाटून लोंबत होता. भंगारवाला त्या जळणाच्या भावानं द्यायला तयार होता. टेम्पो दारात आला तेव्हा सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, "अगं, ही मेलेल्या सायबांची लाकडं घरात आणतीस का काय!" शेजारच्या काकूंनी संध्याकाळी हळूच विचारलं, अडचण आहे का काही? त्यांच्या भावाचं फर्निचरचं दुकान होतं, हप्त्यावर सोफा मिळाला असता.

पुढचे दोन उन्हाळे मी गॅलरीत बसून होते. सोलापूरचा उन्हाळा. रंग काढायचं औषध लावायचं, पोपडे खरवडायचे, मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक. हिरव्याखालून पांढरा निघायचा, पांढऱ्याखालून चॉकलेटी, आणि मग एकदम सागवानाच्या रेषा. वेत विणायला मी शिकले. पहिल्या खुर्चीची वीण दोनदा उसवली. गाद्यांना कापड घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून चादरीच्या कारखान्यातून विणीत खोट राहिलेल्या चादरी आणल्या आणि त्यांचे अभ्रे शिवले. बाक एका बंद पडलेल्या टॉकीजच्या लॉबीतलं. ते द्यायला म्हातारे मालक तयारच नव्हते. शेवटी म्हणाले, "याच बाकावर माझी बायको मला पहिल्यांदा दिसली. मॅटिनीला आली होती मैत्रिणींबरोबर. ने पोरी, पण उन्हात ठेवू नकोस." आणि तोंड फिरवून आत गेले.

या सगळ्यात गिरीश कुठं होता? होता. वाईट नव्हता तो. टेम्पोतून सामान उतरवायला हात लावला, गॅलरीतल्या वासाबद्दल कुरकुर केली नाही. पण संध्याकाळी कामावरून आला की माझ्या अंगावरून आत जायचा आणि विचारायचा, "अजून चालूच आहे का तुझं?" बस, तेवढंच.

तर त्या सकाळी मी कढई खाली ठेवली आणि वीणाला म्हटलं, "मी खोटं बोलणार नाही."

"तू काहीच बोलू नकोस. फक्त चहा दे. प्लीज वहिनी. हे काम गेलं तर मला ऑफिस बंद करावं लागेल."

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सासूबाई आतल्या खोलीत जोंधळे निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण त्यांचं निवडणं चालूच होतं. मी म्हटलं, "ठीक आहे. गप्प बसेन. त्यापुढं काही नाही."

शेटे पती-पत्नी वेळेवर आले. माणसं सरळ होती. शेटे बाई दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती गार वाटतंय इथं!" हे वाक्य ऐकायला मी दोन उन्हाळे घालवले होते. माझ्या तोंडावर हसू यायला लागलं, तोच वीणा पुढं झाली.

"थँक यू. तोच आमचा कन्सेप्ट होता."

मग तिनं घर दाखवायला सुरुवात केली. मी ट्रे घेऊन मागं. "ही फरशी बघा. हे लोक काढून टाकायला निघाले होते. मी म्हटलं, हात लावायचा नाही." हे लोक म्हणजे आम्ही. "या खुर्च्यांचा रंग उतरवून घेतला, खाली अस्सल सागवान निघालं." उतरवून घेतला! कुणाकडून? माझ्या बोटांची सालं निघाली होती, रात्री भाकरी मोडताना तिखट झोंबायचं. मी ट्रेची कड घट्ट धरली आणि गप्प राहिले. शब्द दिला होता.

शेटे बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला भीती नाही वाटली हो? सगळं घर दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे..."

"सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते," वीणानं परस्पर उत्तर दिलं. "मग विश्वास बसतो."

आम्ही बाकापाशी आलो. शेटे बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वीणानं आवाज थोडा खाली आणला.

"याची तर गोष्टच आहे. एका टॉकीजच्या म्हाताऱ्या मालकांकडे गेले होते मी. द्यायलाच तयार नव्हते. मग म्हणाले, याच बाकावर माझी बायको मला पहिल्यांदा दिसली. ने पोरी, पण उन्हात ठेवू नकोस."

शेटे बाईंचे डोळे भरून आले.

मी थक्क होऊन वीणाकडे बघत राहिले. हे मीच तिला सांगितलं होतं, दिवाळीत फराळ करता करता. खुर्च्या घेतल्या, फरशी घेतली, ते मी कसंबसं गिळलं होतं. पण त्या म्हाताऱ्या माणसाचं 'पोरी'? ते मला म्हटलं होतं त्यांनी. ते तोंड फिरवून आत गेले तेव्हा तिथं मी उभी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरीही चहा दिला. कप हातात देताना चहा बशीत सांडला आणि शेटे बाईंना वाटलं, ट्रे जड झालाय. "द्या इकडे," म्हणत त्यांनीच तो टेबलावर ठेवला.

सगळे बसले. इतका वेळ गप्प असलेले शेटे आता खूश होऊन खुर्चीत मागं रेलले आणि मला म्हणाले, "खरं सांगू का ताई, आम्ही जरा साशंक होतो. एवढ्या लहान मुलीला एवढं मोठं काम द्यायचं म्हणजे... पण परवा साहेबांशी फोनवर बोलणं झालं आणि आमची खात्री पटली."

"कुठल्या साहेबांशी?" मी विचारलं.

"तुमच्या मिस्टरांशी की! मॅडमनीच नंबर दिला होता. अहो, किती कौतुक केलं त्यांनी. म्हणाले, आमच्या घरात या गोष्टीतलं कुणालाच काही कळत नाही. आमच्या मिसेसला तर अजिबातच नाही. आम्ही डोळे मिटून सगळं मॅडमवर सोडलं."

मी गिरीशकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघत होता.

म्हणजे हे आज सकाळी ठरलेलं नव्हतं. हा गृहस्थ परवा माझ्याच घरात, मी विणलेल्या खुर्चीवर बसून, एका परक्या माणसाला सांगत होता की माझ्या बायकोला यातलं काही कळत नाही. आणि त्या संध्याकाळी त्यानं माझ्या हातची आमटी दोनदा मागून घेतली असेल. वीणाला खोटं बोलायची निदान गरज तरी होती. याला काय गरज होती? त्यानं कुणाची फसवणूक करायची म्हणून सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं आणि त्यानंच मी जास्त पेटले. त्याला ते खोटं वाटतच नव्हतं.

"शेटे साहेब," मी म्हटलं, "हे घर मी सजवलंय."



"या खुर्च्या मी भंगारातून आणल्या, मी घासल्या, हा वेत मी विणला. बाकाच्या मालकांकडे मी गेले होते. या मुलीनं या घरात फोटो काढण्यापलीकडे काही केलेलं नाही. तुम्ही तिला काम द्या, न द्या, तो तुमचा प्रश्न. पण माझ्या घरात बसून मला यातलं काही कळत नाही, हे मी ऐकून घेणार नाही."

वीणा हसली. हसायचा प्रयत्न केला म्हणायला हवं. "वहिनी गंमत करतेय."

"वहिनी?" शेटे बाई म्हणाल्या.

वीणाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दाराकडे पाहिलं. दारात सासूबाई येऊन उभ्या होत्या, पदराला हात पुसत. वीणाला हायसं वाटलं असावं. ती त्यांची लाडकी, शेंडेफळ. "आई, तू सांग ना यांना," ती काकुळतीनं म्हणाली. "मी केलंय की नाही?"

सासूबाईंनी आधी लेकीकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. माझ्याकडे बघितलंच नाही.

"मला ही लाकडं आवडत नाहीत," त्या म्हणाल्या. "तवाबी आवडली नव्हती आन् आजबी नाहीत. पाय हे असे बारीक, माणूस पडंल की काय वाटतंय. मी हिला लाख येळा म्हणलं, कशाला मरती उन्हात, आणू की एक सोफा. ऐकली नाही. दोन उन्हाळं बसली घाशीत. हाताला फोड आलं तरी घाशीत बसली. आता चांगलं म्हणा, वाईट म्हणा, जे केलं ते हिनं केलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "वीणा, तू तवा पुण्यात हुतीस. आन् माझ्या तोंडानं खोटं वदवून घेऊ नगं."

त्या वळून आत गेल्या. आतून सुपात जोंधळे पाखडल्याचा आवाज येऊ लागला.

शेटे पती-पत्नी चहा संपवून उठले. वाईट काही बोलले नाहीत. "बघतो, कळवतो," म्हणाले. शेटे बाई जिन्यातून परत वर आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "गाद्यांचं कापड कुठलं हो ते?" मी सांगितलं, सोलापुरी चादर. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. पुढं कळलं, त्यांनी ते काम वीणाला दिलं नाही आणि मलाही कधी काही विचारलं नाही. मखमली सोफासेट घेतला म्हणे, लातूरच्या एका शोरूममधून.

दार लागल्यावर वीणा रडायला लागली. "झालं समाधान? माझ्या पोटावर पाय दिलास तू."

"तुझ्या पोटासाठी मी माझी जीभ आवळून बसले होते, वीणा. ते बाकाचंसुद्धा ऐकून घेतलं. एकदा मला विचारायचं तरी होतंस. दिवाळीत, फोटो काढताना. 'वहिनी, हे मी माझं म्हणून दाखवू का?' एवढं जरी विचारलं असतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग?"

"मग काय मग? नाही म्हणायचा हक्क नाही का मला?"

 तिनं बॅग उचलली. जाताना आईच्या पाया पडली, माझ्याकडे न बघता चप्पल घातली आणि गेली. गिरीश तिला स्टँडवर सोडायला गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढलेला होता.

"चार लोकांत माझं तोंड काळं केलंस."

"मी केलं?"

"बहीण आहे ती माझी. अडचणीत होती. त्या माणसानं फोन केला, विचारलं. मी काय म्हणायला हवं होतं मग? सांग ना, काय म्हणायला हवं होतं?"

"बायकोनं केलं," मी म्हटलं. "दोनच शब्द आहेत, गिरीश. एवढं जड होतं का?"

 मी तेवढ्यावर थांबले नाही. "बहिणीसाठी खोटं बोलायचं होतं ना, तर बोलायचं होतंस. हिनंच केलं म्हणायचं आणि गप्प बसायचं. 'मिसेसला काही कळत नाही,' हे वर कशाला जोडलंस? ते तर कुणी विचारलंही नव्हतं. ते तू तुझ्या मनातलं बोललास."

"मी सहज बोललो."

"तेच म्हणतेय मी. सहज बोललास."

त्यानंतर आमच्या घरात बोलणं होतं, पण गॅस संपलाय, बिल भरलंय का, इतकंच. मी लॅबमध्ये जात होते, रक्ताचे नमुने तपासत होते, परत येत होते. मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, जाऊ दे गं, एवढ्यातेवढ्यावरून संसारात विष कालवू नकोस. माझी सख्खी बहीणसुद्धा फोनवर म्हणाली, खुर्च्याच आहेत ना शेवटी. मला ओरडावंसं वाटायचं. पुरुषानं साधं तुंबलेलं गटार मोकळं केलं तरी त्याचं गावभर होतं, आणि इथं मी अख्खं घर उभं केलं तर ते 'घरातल्या घरात'. ते कुणाचंच नाही, म्हणून कुणीही उचलावं.

असेच दिवस गेले. मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत असताना गिरीशचा आवाज ऐकू आला. बाहेरच्या खोलीत तो फोनवर होता.

"शेटे साहेब, गिरीश बिराजदार बोलतोय, सोलापूरहून. हो, तेच. नाही, कामाचं काही नाही. तुम्हाला मी त्या दिवशी फोनवर चुकीचं सांगितलं होतं. घर माझ्या बायकोनं केलंय. नाही, नाही, बहिणीनं नाही. बायकोनं." मध्ये थोडा वेळ गेला. "हो, तुम्हाला कळलं ते माहीत आहे मला. पण मी सांगितलं नव्हतं ना. म्हणून फोन केला."

माझी सुरी हातात तशीच राहिली. मी बाहेर गेले नाही. त्यानंही मला हाक मारली नाही. थोड्या वेळानं त्यानं दुसरा फोन लावला, आणि हा फोन बराच लांबला. आधी नुसतं "हं, हं" चाललं होतं. पलीकडून रडणं असणार, भांडणं असणार. मग तो म्हणाला, "नाही वीणा. ते फोटो काढून टाक. आजच काढ." पुन्हा पलीकडचं बोलणं. "बरं, मग वहिनीचं नाव घालून ठेवायचंय म्हणतेस... नाही, मी कसं हो म्हणू? मला काय विचारतेस? तिला विचार. आधी तिला विचार."

फोन बंद झाला. सासूबाई माझ्याशेजारी बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

ओट्यावर माझा फोन वाजू लागला. वीणाचं नाव होतं. गिरीश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तो फोनकडे बघत होता आणि माझ्याकडे बघत होता.

मी हात धुतले. पदराला पुसले. फोन वाजत होता. मी तो वाजू दिला.